रस्त्यावरच्या आणीबाणीत यंत्रणांचा मेळ कसा घालायचा? नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शक

हमरस्त्यावर ट्रक उलटला की थोड्याच वेळात तिथं गर्दी होते. पोलीस येतात, अग्निशमन दलाचा बंब येतो, रुग्णवाहिका येते, रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेची गस्तीची गाडी येते, मागून क्रेन येते. प्रत्येकाचा वायरलेस वेगळा आणि वरिष्ठ वेगळा. आपलं काम कधी संपलं, हे ठरवण्याचं मापही प्रत्येकाचं वेगळं. पोलिसांना जागेचा पंचनामा पूर्ण करायचा असतो. सांडलेलं इंधन पेट घेणार नाही, याची खात्री अग्निशमन दलाला हवी असते. रुग्णवाहिकेला जखमींना घेऊन निघायचं असतं, क्रेनवाल्याला फिरायला जागा हवी असते आणि रस्ते विभागाला लेन लवकर सुरू व्हायला हवी असते. यातलं एकही मागणं चुकीचं नाही. पण ती सगळी रस्त्याच्या एका छोट्याशा तुकड्यावर, एकाच वेळी येऊन धडकतात. आधी काही ठरलेलं नसेल तर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहत नाही.

तुम्ही वाहतूक नियंत्रण कक्षात, रस्ते विभागात किंवा गस्ती पथकात नव्याने रुजू झाला असाल आणि ‘यंत्रणांमधला समन्वय सुधारा’ हे काम तुमच्या वाट्याला आलं असेल, तर सुरुवात एका प्रश्नाने करा. ‘बंद केलेली लेन आता उघडा’ असं सांगण्याचा अधिकार घटनास्थळी कुणाचा? तुमच्या हद्दीतल्या प्रत्येक यंत्रणेला हा प्रश्न वेगवेगळा विचारा. सगळीकडून एकच उत्तर आलं तर पाया पक्का आहे. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. कुणी स्वतःचं नाव सांगतं, कुणी दुसऱ्याचं, आणि एखादा म्हणतो, ‘ते जागेवर बघून ठरवतो.’ समन्वय म्हणजे जास्त फोन करणं, असा समज सगळीकडे दिसतो. माझ्या मते ज्या घटनेत सर्वाधिक फोन झाले, तिथं आधी सर्वात कमी ठरलेलं होतं.

मिनिटं कुठं जातात

तीन लेनच्या रस्त्यावर एक लेन बंद पडली, तर रस्त्याची क्षमता एक तृतीयांशाने कमी होईल, असं साधं गणित आपण मांडतो. प्रत्यक्षात ती निम्म्यावर येते. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या तक्त्यानुसार तीनपैकी एक लेन बंद असताना ४९ टक्के क्षमता उरते आणि दोन बंद असताना जेमतेम १७ टक्के. अपघातग्रस्त गाड्या पूर्णपणे शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर, घेतलेल्या असल्या, तरीही ८३ टक्केच उरते, कारण जाणारे चालक वेग कमी करून बघत बघत जातात. म्हणून ‘शोल्डरवर घेतलंय, आता काही अडत नाही’ हे वाक्य खरं मानू नका. गाडी शोल्डरवरूनही लवकर हलायला हवी.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. थांबलेल्या गाड्यांची रांग मागे वाढत जाते आणि तिच्या शेपटाकडे भरधाव येणाऱ्यांना पुढे काय झालंय याची कल्पना नसते. पहिल्या अपघातामुळे होणारा दुसरा अपघात तिथं होतो. रस्त्यावर उभं राहून काम करणारे पोलीस, अग्निशामक आणि क्रेनचालकही जाणाऱ्या गाड्यांखाली सापडतात. समन्वयातून वाचलेलं प्रत्येक मिनिट या माणसांच्या जिवाशी जोडलेलं आहे, हे कधी विसरू नका.

पायरी १: हद्दी आणि माणसं कागदावर आणा

तुमच्या रस्त्याचा मोठा नकाशा छापून घ्या आणि त्यावर प्रत्येक यंत्रणेची हद्द वेगळ्या रंगाने आखा. पोलीस ठाण्यांच्या, अग्निशमन केंद्रांच्या, रुग्णवाहिकांच्या, रस्ते विभागाच्या, टोइंगच्या कंत्राटांच्या. या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. पुलाच्या मध्यावर, बोगद्यात, दोन जिल्ह्यांच्या सीमेवर त्या तुटतात. गोंधळही नेमका अशाच जागी होतो. त्या जागांवर खूण करा आणि तिथं पहिला फोन गेल्यावर कोण निघणार, हे दोन्ही बाजूंकडून लेखी घ्या. दोघंही निघाले तर थोडं इंधन वाया जाईल. दुसरा जाईल असं समजून दोघंही थांबले तर माणूस जाईल.

प्रत्येक यंत्रणेतल्या, रात्रपाळीला निर्णय घेऊ शकणाऱ्या पदाचा थेट नंबर मिळवा. व्यक्तीचा नंबर घेतला तर बदली झाल्यावर तो निरुपयोगी होतो. दर तीन महिन्यांनी यादीतल्या प्रत्येक नंबरवर फोन लावून बघा, तोही रात्री. आणि एकदा तरी या सगळ्यांना समोरासमोर भेटा. ज्याचा चेहरा माहीत आहे, त्याला रात्री अडीच वाजता ‘साहेब, क्रेन थोडी मागे घेता का?’ असं सांगणं सोपं जातं.

पायरी २: जागा सांगण्याची आणि बोलण्याची एकच पद्धत ठेवा

फोन करणारा म्हणतो, ‘पुलाजवळ.’ कुठल्या पुलाजवळ? जाणाऱ्या बाजूला की येणाऱ्या? दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूने निघालेली रुग्णवाहिका घटना समोर दिसत असूनही तिथं पोहोचू शकत नाही. तिला पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परत यावं लागतं. ब्रिटनमधल्या मोटरवेवर यासाठी चालकांना दिसतील अशा निळ्या पाट्या साधारण दर ५०० मीटरवर लावलेल्या आहेत. पाटीवर रस्त्याचा क्रमांक, बाजू दाखवणारं अक्षर आणि अंतर असतं. तुमच्याकडे अशी व्यवस्था नसली तरी किलोमीटरचे दगड, विजेच्या खांबांचे क्रमांक, फाट्यांची नावं यांतलं काहीतरी एक निवडा आणि सर्व यंत्रणांनी तेच वापरायचं असं ठरवा. एकाच फाट्याला पोलीस एका नावाने आणि रस्ते विभाग दुसऱ्या नावाने ओळखत असतील, तर दोन्ही नावं शेजारी लिहिलेला तक्ता प्रत्येक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावा.

वायरलेसवर सांकेतिक आकडे टाळा. एका यंत्रणेचा ‘कोड सात’ दुसऱ्या यंत्रणेत भलताच काही असतो. साधी, पूर्ण वाक्यं बोला.

पहिली खबर कशी द्यायची, याचा साचा ठरवून द्या. ब्रिटनमधल्या आपत्कालीन सेवा ‘मेथेन’ नावाचा साचा वापरतात. त्यात सात गोष्टी ठरावीक क्रमाने येतात: घटना मोठी म्हणून जाहीर झाली आहे का, नेमकी जागा, घटनेचा प्रकार, धोके, पोहोचण्याचा मार्ग, जखमींची संख्या व स्थिती, आणि कोणत्या सेवा आल्या आहेत व कोणत्या हव्यात. तुमच्या खबरीत मी आणखी एक गोष्ट घालायला सांगेन: किती लेन बंद आहेत आणि किती चालू. नियंत्रण कक्षाला रस्त्यावरच्या सूचना-फलकांवर काय लिहायचं ते त्यावरूनच कळतं.

खबर अशी यावी: ‘गस्ती दोन बोलतोय. किलोमीटर ४१ पूर्णांक ३, उत्तरेकडे जाणारी बाजू. टँकर कलंडलाय, डाव्या दोन लेन बंद, उजवी चालू. पातळ पदार्थ गळतोय. नारंगी पाटीवर खालचा आकडा १२०३. वारा पश्चिमेकडून. जखमी एक, शुद्धीवर. बंब आणि अवजड क्रेन हवी. येताना दक्षिणेच्या फाट्यावरून या.’ टँकरवरच्या नारंगी पाटीवरचा खालचा आकडा हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला पदार्थाचा क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल. गाडीजवळ न जाता, लांबूनच, दुर्बिणीतून का होईना, हा आकडा वाचून सांगता आला, तर बंबावरचे लोक निघतानाच फोम घेऊन निघतात. गस्तीच्या प्रत्येक गाडीत दुर्बीण हवी, ती एवढ्यासाठीच.

पायरी ३: शब्द कुणाचा चालणार, हे आधी ठरवा

सर्वात जास्त वेळ या पायरीला द्या.

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या मों ब्लां बोगद्यात पीठ आणि मार्गरीन घेऊन जाणाऱ्या ट्रकला आग लागली. बोगदा ११.६ किलोमीटर लांबीचा. अर्धा भाग फ्रेंच कंपनीकडे, अर्धा इटालियन कंपनीकडे, आणि दोन टोकांना दोन नियंत्रण कक्ष. धूर कसा हाताळायचा याचे निर्णय दोन्ही टोकांना स्वतंत्रपणे झाले. इटालियन बाजूने जी वाहिनी धूर ओढून घेण्यासाठी वापरता आली असती, तिच्यातून ताजी हवाच आत सोडली गेली. आग विझायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला आणि ३९ माणसं गेली. पंखे होते, कॅमेरे होते, प्रशिक्षित माणसंही होती. पण संपूर्ण बोगद्याकडे एकत्र बघून आदेश देईल असा एक कक्ष नव्हता. २००२ मध्ये बोगदा पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो चालवण्याचं काम एकाच संयुक्त संस्थेकडे दिलेलं होतं.

नकाशावर तुम्ही ज्या तुटलेल्या रेषा खुणेने दाखवल्या, त्यांच्याकडे या घटनेच्या नजरेने बघा.

उपाय जुना आणि तावून सुलाखून निघालेला आहे. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात जंगलांना मोठे वणवे लागले. तेव्हा अनेक अग्निशमन दलांचा आपसात मेळ बसला नाही. त्या अनुभवातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ तयार झाली. तिची तीन सूत्रं रस्त्यावरही तशीच लागू पडतात. घटनास्थळी एक प्रमुख असतो आणि तो कोण हे सर्वांना माहीत असतं. प्रत्येक माणूस एकाच वरिष्ठाला उत्तर देतो. आणि एका वरिष्ठाच्या हाताखाली थेट तीन ते सातच माणसं असतात. पाच असली तर उत्तम.

बऱ्याच यंत्रणांच्या अधिकारात काम येत असेल, तर प्रत्येकीचा एक अधिकारी मिळून संयुक्त प्रमुखपद चालवतात. पण मग ते सगळे एकाच जागी, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात उभे असले पाहिजेत. आपापल्या गाडीत बसून वायरलेसवर चालवलेलं संयुक्त प्रमुखपद पाच मिनिटांत मोडतं. उभं राहण्याची जागा झेंड्याने किंवा हिरव्या दिव्याने ओळखू येऊ द्या, म्हणजे नंतर आलेला माणूस सरळ तिथंच जाऊन हजेरी देईल.

घटनेच्या टप्प्यांनुसार प्रमुख बदलणं चालतं, किंबहुना बदलायलाच हवा. आग किंवा गळती असेपर्यंत अग्निशमन दल, नंतर पंचनाम्यापुरते पोलीस, शेवटी सफाई आणि दुरुस्तीला रस्ते विभाग. मात्र हा बदल तोंडी आणि स्पष्ट व्हावा: ‘आग विझली आहे, १४:२० पासून प्रमुख तुम्ही.’ समोरच्याने ‘१४:२० पासून प्रमुख मी’ असं परत म्हणायचं आणि नियंत्रण कक्षाने दोन्ही वाक्यं टिपून ठेवायची.

आता सुरुवातीचा तो लेन उघडण्याचा प्रश्न. यासाठी पोलीस आणि रस्ते विभाग यांच्यात लेखी करार करून घ्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात राज्य पोलीस आणि वाहतूक विभागाने संयुक्त धोरणपत्रावर सह्या करून अपघातानंतर ९० मिनिटांत रस्ता मोकळा करण्याचं उद्दिष्ट एकत्र स्वीकारलं. उद्दिष्ट दोघांचं मिळून असलं की पोलिसांचा पंचनामा आणि रस्ते विभागाची घाई एकमेकांविरुद्ध उभी राहत नाहीत. तुमच्या करारात आकडा कोणता असावा, हे तुमच्या रस्त्यावरून ठरवा. तीन बाबी मात्र नक्की लिहा: लेन टप्प्याटप्प्याने उघडता येईल का, ते कोण सांगेल, आणि पुरावा नोंदवून झाल्याची खूण काय असेल.

पायरी ४: जागेवर गाड्या कशा उभ्या करायच्या

पहिली मोठी गाडी, शक्यतो बंब, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला तिरकी उभी राहते आणि तिच्या आडोशाला बाकीचे काम करतात. तिची पुढची चाकं काम करणाऱ्यांच्या दिशेला वळलेली नसावीत. मागून धडक बसली तर गाडी त्यांच्या अंगावर जाईल. रुग्णवाहिका या आडोशाच्या पुढे उभी करा, म्हणजे स्ट्रेचर चालू लेनच्या बाजूने फिरवावं लागत नाही आणि निघायची वाटही मोकळी राहते. जी गाडी आडोसाही देत नाही आणि लागतही नाही, ती लांब थांबवा.

रात्री दिवे जास्त लावले की आपण जास्त दिसतो, असं वाटतं. उलट दहा गाड्यांच्या झगमगाटात येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात आणि चमकणारं जॅकेट घातलेला माणूसही त्याला दिसत नाही. आडोशाची गाडी सोडून बाकीच्यांनी इशारादिवे कमी करावेत आणि येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड असलेले हेडलाइट बंद करावेत. हे कुणी सांगायचं, तेही आधी ठरलेलं असू द्या, नाहीतर एकमेकांना दिवे बंद करायला सांगणं कुणालाच रुचत नाही.

एक गाडी आणि एक माणूस फक्त रांगेच्या शेपटासाठी राखून ठेवा. रांग वाढली की ती गाडी मागे सरकत जाते. अमेरिकेतल्या वाहतूक चिन्हांच्या नियमपुस्तकात घटनांचे तीन प्रकार केलेले आहेत: अर्ध्या तासाच्या आत संपणाऱ्या, अर्ध्या तास ते दोन तास चालणाऱ्या आणि त्याहून लांबणाऱ्या. ही विभागणी तुम्हीही वापरा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत प्रमुखाने यातला एक प्रकार जाहीर केला, की रस्त्यावर ठेवायचे शंकू (कोन) पुरतील, की पूर्ण बॅरिकेड आणि वळण लागेल, हे सर्वांना एकदम कळतं.

पायरी ५: क्रेन लवकर बोलवा

पुष्कळ ठिकाणी आधी पोलीस पोहोचतात, बघतात, मग क्रेनला फोन जातो. या क्रमात वेळ फुकट जातो. नेदरलँड्समध्ये पहिली खबर मिळताच टोइंगची गाडी निघते आणि गरज नाही असं कळलं तर परत फिरते. एखादी फेरी वाया गेल्याचा खर्च तासभर अडकलेल्या लेनपुढे काहीच नाही. अवजड वाहनांसाठी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा भागात योजना आहे: काम सुरू करण्याची सूचना मिळाल्यापासून ९० मिनिटांच्या आत लेन मोकळ्या केल्या तर टोइंग कंपनीला बक्षिसाची रक्कम मिळते. बोलावताना गाडीचा प्रकार, माल आणि ती कशा स्थितीत पडली आहे ते सांगा, म्हणजे योग्य क्षमतेची क्रेन पहिल्याच फेरीत येते.

विजेवर चालणाऱ्या गाडीची पेटलेली बॅटरी विझल्यानंतर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. हे अग्निशमन दलाला माहीत असतं, पण टोइंगच्या आवारातल्या रखवालदाराला नसतं. अशी गाडी सोपवताना तोंडी आणि लेखी सांगा, आणि ती इतर गाड्या व इमारतींपासून किमान १५ मीटर लांब मोकळ्यावर ठेवायला लावा.

पायरी ६: वाहतूक वळवण्याआधी शेजाऱ्याला विचारा

वळणमार्ग नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यातल्या रस्त्यावरून जातो. त्यावर आज खोदकाम आहे का, पूल अवजड गाड्या पेलेल का, कमान किती उंच आहे, हे त्या यंत्रणेलाच ठाऊक. रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी वळणमार्ग आधीच आखून ठेवा, हलक्या आणि अवजड गाड्यांसाठी वेगळे, आणि ते सुरू करण्याआधी एक फोन सक्तीचा करा.

अडकलेल्या लोकांचा विचारही याच पायरीत करा. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या आंतरराज्य महामार्ग ९५ वर हिमवादळात असंख्य चालक रात्रभर, काही जण २४ तासांहून जास्त काळ अडकून पडले होते. अशा वेळी पाणी, इंधन आणि औषधं कोण पोहोचवणार, दुभाजक उघडून गाड्या मागे कोण फिरवणार, आणि पुढच्या फाट्यावर नवीन गाड्या आत येणं कोण थांबवणार? शेवटचा निर्णय सर्वात आधी घ्यावा लागतो आणि हमखास सर्वात उशिरा घेतला जातो.

पायरी ७: टेबलावर सराव करा

रस्ता बंद न करता सराव करता येतो. मोठ्या टेबलावर तो नकाशा पसरा, खेळण्यातल्या गाड्या ठेवा, प्रत्येक यंत्रणेचा, खरोखर जागेवर जाणारा एक माणूस बसवा. मग बंद पाकिटं एकेक करून उघडा. पहिलं पाकीट: पहाटे ५:१०, फोनवर कुणीतरी म्हणतंय, पुलाजवळ टँकर पडलाय. पुढचं काय ते कोण विचारणार? दुसरं पाकीट: अग्निशमन अधिकारी दोन्ही दिशा बंद करायला सांगतात, पण फलकावर अजून ‘एक लेन बंद’ असंच झळकतंय. बदलायचं कुणी, आणि त्याला कळवलं कुणी? तिसरं पाकीट: वळवलेले ट्रक एका छोट्या पुलापाशी अडलेत, तिथं वजनाची मर्यादा आहे. या क्षणी टेबलाभोवतीचा एखादा माणूस हळूच म्हणतो, ‘ते आम्हाला माहीत होतं, पण आम्हाला कुणी विचारलं नाही.’ ते वाक्य लिहून घ्या. सगळा सराव त्यासाठीच असतो.

युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार मुख्य महामार्ग-जाळ्यातल्या ५०० मीटरहून लांब बोगद्यांत किमान दर चार वर्षांनी पूर्ण स्वरूपाचा संयुक्त सराव आणि मधल्या वर्षांत अंशतः किंवा आभासी सराव करावा लागतो. साध्या रस्त्यालाही ही वारंवारिता शोभेल.

पायरी ८: मोजा आणि आढावा घ्या

आधी सगळ्या नियंत्रण कक्षांतली घड्याळं जुळवा. दोन कक्षांच्या नोंदींत चार मिनिटांचा फरक असेल, तर बंब उशिरा निघाला की खबर उशिरा मिळाली, यावर बैठक संपेपर्यंत वाद चालतो.

मग तीन आकडे ठेवा. पहिल्या नोंदीपासून सर्व लेन उघडेपर्यंतचा वेळ. पहिल्या नोंदीपासून शेवटची मदत-गाडी निघेपर्यंतचा वेळ. आणि त्या रांगेत झालेले दुसरे अपघात. तिसरा आकडा मिळवणं अवघड जातं, कारण पोलिसांच्या नोंदीत तो वेगळा अपघात म्हणून लिहिलेला असतो. नोंदीच्या नमुन्यात ‘आधीच्या घटनेमुळे झाला का’ असा एक रकाना घालून घ्या.

दोन तासांहून जास्त चाललेल्या प्रत्येक घटनेचा आढावा आठवड्याच्या आत घ्या. प्रत्यक्ष जागेवर असलेले लोक बोलवा, क्रेनचालकालाही. चूक कुणाची हा विषय ठेवू नका. तो ठेवला की पुढच्या वेळी खरं कुणी सांगत नाही. कशाची वाट बघण्यात वेळ गेला, एवढंच विचारा. उत्तरांतून निघालेल्या प्रत्येक सुधारणेपुढे एका यंत्रणेचं नाव, एक पद आणि एक तारीख लिहा, आणि पुढच्या बैठकीत सर्वात आधी तोच कागद काढून राहिलेल्या कामांपासून सुरुवात करा.